अर्धलीची कोंबडी

फाल्गुन उतरणीला लागला की शहाद्यातली हवा एका दुपारीत कूस पालटते. सकाळी गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही आणि जेवणं उरकेपर्यंत ओट्याचा दगड तापलेला असतो. लिंबाची पिवळी पानं गल्लीभर सरसर फिरतात. गोमाई नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला कोरड्या वाळूचा वास येतो. या दिवसांत कुणाला होळी आठवते, कुणाला हरभऱ्याचा हुळा आठवतो. मला आजारी कोंबड्या आठवतात.

काल समोरच्या घरातली धाकटी सून कोंबडी काखेत मारून माझ्या ओट्याशी आली. म्हणाली, "काकू, इले देखा ना. सकायपासून दानाले तोंड लायेल नही." कोंबडीचे डोळे अर्धे मिटलेले, पंख ढिले पडलेले, आणि अंगावरची पिसं फुगून ती आहे त्याच्या दीडपट दिसत होती. कुणाही भल्या बाईला त्या मुक्या जिवाची दया आली असती. मलाही आली, पण मागाहून. आधी छातीत जे उठलं ते मी तिथल्या तिथे ओळखलं. फार वर्षांनी माहेरचं माणूस दारात दिसावं, तसा माझा जुना मत्सर उभा होता.

मत्सर मला लहानपणापासून चांगला येतो. कुणाला गळा असतो, कुणाचा हात रांगोळीवर बसलेला असतो, तसं माझं हे. मी जावेच्या पाटल्यांवर जळले आहे, बहिणीच्या केसांवर जळले आहे. माहेरी रनाळ्याला असताना शेजारणीच्या म्हशीवर जळले, कारण तिची म्हैस तिच्या हाकेला रस्त्यातून वळायची आणि आमची आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. पण ही सगळी किरकोळ कामं. ज्यात मी माझा सगळा जीव ओतला, तो मत्सर एका उघड्या मानेच्या, बेढब, भुऱ्या कोंबडीपायी केलेला.

तेव्हा मी या घरात नवी होते. पहिली जर्मन लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. घरचे पुरुष कापसाच्या हंगामात शेतावरच असत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना सगळे माय म्हणत, मीही म्हणायची. माय दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली तीन अंगणाबद्दल असत. सारवण कुठे उखडलं, केर कुठे राहिला, पाणी कुठे साचलं. त्या अंगणाच्या उजव्या अंगाला छातीएवढी मातीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे चांदभाई पिंजाऱ्याचं घर.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चांदभाईच्या पिंजणीची तात सकाळपासून टणटणायची, आणि त्या टणटणीच्या मधल्या फटींत कोंबड्या बोलायच्या. हवेत कापूस तरंगायचा. कोंबड्यांच्या पाठीवर, तुऱ्यावर, चोचीच्या कडेला पांढरी लव चिकटायची आणि त्या लग्नाला निघाल्यासारख्या दिसायच्या. त्यांच्यामागे सूप घेऊन फिरणारी चांदभाईची बायको जैतून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, हसली की गालाला खळी पडणारी, आणि बोलायला लागली की भिंतीवर कोपर ठेवून तासभर न हलणारी. मी तिला भाभी म्हणायची, ती मला वहिनी म्हणायची. मला ती फार आवडायची. जिच्यावर जळायचं ती आधी आवडावी लागते, नाहीतर जळण्यात रस येत नाही.

त्या साली कापूस वेचायला डोंगरातून आलेल्या बायांत एक रुमली होती. तिच्या तान्हीला झोळी बांधायला मी माझं जुनं लुगडं दिलं होतं. वेचणी संपून घरी परतताना रुमली दारात आली आणि एक कोंबडी माझ्या हातात ठेवून चालू लागली. मी मागे पळाले, तिला समजावलं की आमच्या घरात कोंबडी पाळत नाहीत, खात नाहीत, तिचं नावही चुलीजवळ काढत नाहीत. रुमलीनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची पोरच परत करायला आले आहे. मी कोंबडी घेऊन परतले. ती माझ्या काखेत गरम होती, आणि तिचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. घराच्या दारापर्यंत येईतो मी तिच्या नादी लागले होते.

मायनं उंबऱ्यातून पाहिलं. "वहू, ते घरमा येवाले नको."

"मंग कोठे ठेवू, माय?"

"भित ना तिकडे लोक ऱ्हातस ना."

अशी ती अर्धलीनं गेली. आमच्याकडे ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे जागा नाही त्यानं आपली कोंबडी, शेळी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची. सांभाळणाऱ्यानं दाणापाणी करायचं, अंडी त्याची. पिलं झाली की ती मोठी होऊन आईच्या पंखाखालून निघाली म्हणजे अर्धी त्याची, अर्धी मालकाची, आणि आई कायम मालकाची. वाटणी करताना एकानं दोन वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं हवा तो उचलायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. भिंतीवरून कोंबडी दिली, की झालं.

मी तिचं नाव सोनी ठेवलं. जैतूननं दुसऱ्याच दिवशी तिला मुन्नी म्हणायला सुरुवात केली. मी भिंतीशी उभी राहून "सोनी, सोनी" म्हणायची, तेव्हा ती मान तिरकी करून, रस्ता विचारणाऱ्या परक्याकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहायची. पलीकडून "मुन्नी" म्हटलं की दोन्ही पंख पसरून, पाय फाकवून, लाजलज्जा सोडून धावत सुटायची.

"भाभी, तिन्हं नाव सोनी शे," मी म्हणायची.

"मी कोठे नही म्हनस? तू सोनी म्हन. तिले येवानं व्हई ते ई."

"ती तुन्हाकडे दानासाठे येस."

"मंग तू बी दाना टाक ना वहिनी, भितवरथीन. हात कोनी धरेल शे?"

मी टाकायची. पदरात ज्वारीचे दाणे घेऊन, माय देवघरात असतील ती वेळ साधून. सोनी ते खायची आणि चोच मातीला पुसून पुन्हा जैतूनच्या पायांत जाऊन बसायची. मूल दाईकडे वाढावं आणि त्यानं आईला ओळखू नये, यात आईनं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी करायला हवं तेच केलं. सगळा दिवस कुढले, आणि माझी भाकरी रोज एका बाजूनं करपत राहिली.

एकदा जैतूननं सोनीचं अंडं भिंतीवरून माझ्या तळहातावर ठेवलं. मी आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. ते गरम होतं, जरा खरखरीत, आणि दिसतं त्यापेक्षा जड. मी ते लगेच परत दिलं. पण त्यानंतर रोज सकाळी पलीकडे कोंबडी अंडं घातल्याची हाकाटी करी, तेव्हा माझा तळहात आपोआप उघडायचा, आणि ते गरम ओझं जैतूनच्या हातात पडलं असेल या विचारानं पुन्हा मिटायचा.

जैतूनच्या स्वतःच्या कोंबड्या काळ्या होत्या. पिसं काळी, चोच काळी, पाय काळे, तुरासुद्धा जांभूळ ठेचल्यासारखा. लग्नात तिच्या आईनं तळोद्याहून एक जोडी पाठवली होती, तिचा हा विस्तार. आई मग वारली. भाऊ सुरतेकडे गेला, माहेरचं घर बंद झालं. आईच्या हातचं जैतूनकडे तेवढंच उरलं होतं. ती सकाळी खुराड्याची फळी काढायची, काळ्या कोंबड्या एकामागून एक वाकून बाहेर यायच्या, आणि ती प्रत्येकीला "सलाम" म्हणायची. मला वाटायचं, हिच्याकडे एवढ्या आहेत, तरी माझी एक हिला पुरत नाही.

होळीच्या सुमारास सोनी दिसेनाशी झाली.

पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कोपर ठेवलं. "भाभी, सोनी कोठे शे?"

"शे ना. मजामा शे," जैतून म्हणाली आणि घाईनं आत गेली. जैतून आणि घाई या दोन गोष्टी मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. तिच्या अंगणात राखेचे ढीग पडले होते. लिंबाचा पाला जाळल्याचा वास होता. एक काळी कोंबडी भिंतीच्या सावलीला मान आत ओढून बसली होती, तिच्याखाली हिरवट-पांढरं पडलं होतं. वैशाखात पडायचं ते ऊन त्या अंगणात आधीच येऊन बसल्यासारखं वाटत होतं. मला आजाराचं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळलं, की माझी कोंबडी लपवली आहे.

लपवणं दोनच कारणांनी असतं असं माझं पक्कं मत. एक तर ती आजारी आहे आणि हिला ते माझ्यापासून चोरायचं आहे, किंवा ती फार गुणाची निघाली आहे आणि हिला ते माझ्यापासून चोरायचं आहे.

जैतून नदीवर गेलेली पाहून मी भिंतीपलीकडे वाकले. भिंतीला लागूनच असलेल्या पिंजणघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत पिंजलेल्या कापसाचा ढग, त्या ढगाच्या कडेला एक डालं पालथं, आणि डाल्याच्या फटीतून माझ्या सोनीचा एक डोळा. मी हाक मारली. ती हलली नाही. मी पायाच्या चवड्यांवर उभी राहून वेळूच्या काठीनं डालं जरासं उचललं. सोनी फुगून मातीला चिकटून बसली होती आणि घशातून असा आवाज काढत होती, जणू कुणी उकळत्या पाण्यात खडे टाकतंय. छातीची पिसं झडलेली. चोच उघडी. मी दाणे फेकले, तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तिला रोग लागला, मी ठरवलं. आणि ज्या घरात कोंबडी पाळत नाहीत त्या घरातली सून जे करील, ते मी केलं. पोटात दुखणाऱ्या माणसाला देतात तो ओव्याचा काढा केला, त्यात हळद घातली, गूळ घातला, तो निववला, वाटीत घेतला आणि पदर खोचून डाल्यापर्यंत हात पोचवायच्या खटपटीला लागले. सोनीनं माझ्या अंगठ्याला अशी चोच मारली, की काढा कापसात आणि वाटी मातीत.

"काय करी ऱ्हायनी, वहिनी?"

जैतून धुण्याची बादली घेऊन तिच्या अंगणात उभी होती.

"इले रोग लागना आनि तू माले सांगत नही," मी म्हणाले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

जैतूननं बादली खाली ठेवली. आधी तिची खळी पडली, मग ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसली. "रोग नही व, ती खुडूक शे. अंडासवर बठेल शे. तुन्ही कोंबडी आई व्हवानी शे, आनि तू तिले ओवा पाजस?"

मी भिंतीवर लटकलेलीच होते. एका पायाचा चवडा भिंतीतल्या खोबणीत, अंगठ्यातून रक्त. पण माझ्या मत्सराची बुद्धी त्याही स्थितीत जागी होती. "कोनं अंडं?"

जैतूनचं हसू थांबलं.

अंडी काळ्या कोंबड्यांची होती. खुराड्यात पहिली कोंबडी मरताच जैतूननं चांगली दिसलेली अंडी उचलली होती. तिच्या काळ्यांतली एकही खुडूक नव्हती आणि सोनी होती. म्हणून तिला डाल्यासकट पिंजणघरात, इतर कोंबड्यांपासून दूर, बंद दाराआड ठेवलं. दाणापाणी करायला आत जाताना ती हातपाय राखेनं चोळून धूत होती. खुराड्याकडून सरळ तिकडे जात नव्हती.

आता प्रश्न असा, की हे तिनं माझी कोंबडी वाचावी म्हणून केलं, की तिची अंडी वाचावीत म्हणून? मी तिला हा प्रश्न त्या दिवशी विचारला, पुढे अनेकदा विचारला, आणि गेल्या दिवाळीतही विचारला. ती दर वेळी वेगळं उत्तर देते, आणि दर वेळी मला दुसरं उत्तर खरं वाटतं.

"कोंबडी मन्ही ते पिलं बी मन्ही," मी म्हणाले. "अर्धी ते हक्कनी."

"अंडं मन्ह्या मायनी कोंबडीनं. तुन्ही कोंबडी फक्त बठनी."

"फक्त? तू बठी देख."

भांडण तिथेच राहिलं, कारण खुराड्याकडून एक आवाज आला. शिंकेसारखा, पण कोरडा. जैतून उठून गेली.

नंतरचे दिवस मी भिंतीशी उभी राहून पाहिले. एकेक काळी कोंबडी आधी दाणा सोडायची. मग पाणी प्यायची, पीतच राहायची. मग पाय ओढायची, मान पिळल्यासारखी एका अंगाला जायची, आणि जैतून तिला मांडीवर घेऊन बोटानं कांद्याचा रस, हळदीचं पाणी, लसूण घातलेलं लोणी चोचीत सोडायची. एखादी सकाळी उभी राहायची, दोन पावलं टाकायची, आणि आम्ही दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी श्वास धरायचो. दुपारपर्यंत ती पडलेली असायची. चांदभाई त्यांना गावाबाहेर नेऊन खोल पुरायचा आणि वर चुना टाकायचा. पिंजणीची तात बंद पडली होती. सकाळी खुराड्याची फळी निघे तेव्हा "सलाम" कमी कमी ऐकू येत गेले. एका सकाळी फळी निघालीच नाही.

काल त्या धाकट्या सुनेला मी जे सांगितलं ते त्या दिवसांत भिंतीवरून शिकलेलं. आजारी एकीकडे काढ, धड असलेल्या दुसरीकडे ने, आधी धड असलेल्यांचं दाणापाणी कर आणि मग आजारीचं, हात धू, मेलेली उघड्यावर टाकू नको. ती म्हणाली, "काकू, तुम्हले एवढं कसं माहीत? तुमना घरमा ते कोंबडी नव्हती." मी म्हटलं, मत्सर करणाऱ्याची नजर बारीक असते, बाई.

सोनीनं पिलं काढली. कापसाच्या ढगातून काळ्या लोकरीचे गोळे बाहेर येऊ लागले, इतके काळे, की डोळे कुठे आहेत ते पिल्लानं पापणी हलवेपर्यंत कळू नये. जैतूननं डालं उचलून मला दाखवलं. सोनी त्यांच्यावर पंख पसरून माझ्याकडे रागानं बघत होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी जैतूनच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून तो आंबला.

पण पिलं डाल्यात किती दिवस राहणार? त्यांना ऊन लागतं, माती उकरायला लागते. आणि जैतूनच्या अंगणातली माती मेलेल्या कोंबड्यांची होती.

त्या दिवशी जैतून भिंतीशी आली नाही. गल्लीतून फिरून समोरच्या दारानं आली. मी या घरात आल्यापासून प्रथमच. माय ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. जैतून पायरीशी उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे घेतला.

"माय, मन्हा आंगणमा पिलं सोडात ते मरी जातीन. मातीमाच रोग शे."

"मंग?" मायनं सुपातून नजर काढली नाही.

"तुमना आंगणमा आजलगून कोंबडीना पाय पडेल नही. बठ्ठी गल्लीमा तेवढीच जागा चोखी शे. इतलं चोखं आंगण मी कोठेच देखं नही."

मी दाराआड उभी होते. ते अंगण रोज पहाटे मी झाडत होते, मी सारवत होते. या घरात आल्यापासून मायच्या तोंडून त्याबद्दल एक चांगला शब्द मी ऐकला नव्हता. आणि आता ती सगळी स्तुती माझ्या डोक्यावरून उडत जाऊन मायच्या मांडीवर बसली. माय सूप हलवायच्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी फक्त गौरीच्या आरतीला पाहिलं होतं.

"अंडं घरमा येवाले नको," माय म्हणाल्या. "पीस चुल्हाकडे उडाले नको. आनि वहू देखी त्यास्ले, मी नही."

अशी सोनी भिंतीवरून परत आली, मागोमाग जैतूनच्या ओंजळीतून ती सगळी काळी पिलं. आता पाहा गंमत. जैतूनची पिलं माझ्या अंगणात, माझ्या दाण्यावर. रीतीप्रमाणे आता मी अर्धलीनं सांभाळणारी. जी अर्धी मला भांडून मिळत नव्हती, ती आपल्या पायांनी चालत आली होती. मी हे जैतूनला भिंतीवरून समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिचा चेहरा बघत राहिले. सणासुदीला कधी इतकी खूश झाले नव्हते.

मग तिची पाळी आली. सकाळ-संध्याकाळ जैतूनचे दोन डोळे भिंतीवर. "वहिनी, पानी बदलं का? वहिनी, त्या ढेकळावर सोडू नको, मुंग्या शेतस. वहिनी, घार." घार मात्र खरीच होती. एका पिल्लाला तिनं आमच्या डोळ्यांदेखत उचललं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी ओरडत धावलो आणि भिंतीला आपटलो.

आणि मग एक पिल्लू मलूल झालं. सगळ्यांत लहान, बारीक हाडाचं. सकाळी ते इतरांच्या मागे पडलं, दुपारी एका पायावर डोळे मिटून उभं राहिलं. जैतूननं भिंतीवरून पाहिलं आणि दोन्ही हातांनी भिंत धरली. रोग इकडेही आला असेल तर तिच्या आईच्या कोंबड्यांतलं काहीच मागे राहणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. मी पिल्लू उचललं.

"आन इकडे," मागून माय म्हणाल्या.

पीस अंगाला लागलं तरी आंघोळ करणाऱ्या माय. त्यांनी पिल्लू उलटं धरून पाहिलं. मागच्या बाजूला घाण वाळून गच्च चिकटली होती, वाटच बंद झाली होती. मायनं सहा लेकरं वाढवली होती. त्यांनी कोमट पाणी मागवलं, चिंधी भिजवून हलक्या हातानं ते सगळं मोकळं केलं, बोटाला तेल लावलं, आणि पिल्लाला आपल्या पदरात गुंडाळून ओट्यावर उन्हाला बसून राहिल्या. संध्याकाळी पदरातून चिवचिव आली. जैतून भिंतीपलीकडे खाली बसली, ती मला दिसेनाशी झाली. फक्त तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

त्या पिल्लाचं नाव मायनं काई ठेवलं. आमच्याकडे काळीला काई म्हणतात. काई त्यानंतर मायच्या पायातून हलेना. माय पाटावर बसल्या की ती पाटाच्या कडेला. माय जपाला बसल्या की ती माळेच्या गोंड्याशी. माय दुपारच्या लवंडल्या की ती त्यांच्या पोटाशी. आणि दिवसाला चार वाक्यं बोलणाऱ्या माय तिच्याशी अखंड बोलत. लहानपणी त्या कुठल्या विहिरीत पडल्या होत्या ते मी त्या कोंबडीमुळे ऐकलं, तेही दाराआडून.

पिलं मोठी झाली. पिसं आली, तुरे दिसू लागले, आणि जी काही उरली होती त्यांत काई एकटी तलंग निघाली. घारीनं नेलेलं पिल्लू काय निघालं असतं देव जाणे. बाकी सगळे कोंबडे. वाटणीचा दिवस आला. रीतीप्रमाणे सांभाळणारीनं वाटे पाडायचे. मी सगळे कोंबडे एका डाल्यात घातले आणि दुसऱ्या डाल्यात एकट्या काईला. हे जैतूनच्या आईची आठवण राहावी म्हणून केलं, की काई मायच्या पायातून हलावी म्हणून, ते मला विचारू नका.

"उचल, भाभी."

जैतूननं माझ्याकडे बघितलं, मग काईच्या डाल्यावर हात ठेवला. कोंबड्यांतला एक तिनं वरून मागून घेतला आणि मी दिला. माय आतल्या खोलीत होत्या, बाहेर आल्या नाहीत. एवढी वाटणी मनासारखी करून मी बघते, तर आमच्या घरात कोंबडेच कोंबडे, आणि कोंबडा खाणारं कुणी नाही. ते पहाटे एकमेकांवर आवाज चढवून आरवत. पुढच्या वेचणीला आलेल्या रुमलीच्या हवाली मी त्यांना केलं, तेव्हा कुठे घराला झोप लागली.

पण त्याआधीची गोष्ट. काई पलीकडे गेली त्या दिवशी मायनं भाकरी चतकोर टाकली. दुसऱ्या दिवशी जैतून भिंतीशी आली. मला म्हणाली नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "माय, ती खात नही. कोपरामा बठेल शे."

माय उठल्या. पदरात ज्वारीच्या कण्या घेतल्या. पायात वहाणा घातल्या आणि समोरच्या दारानं गल्लीतून फिरून पिंजाऱ्याच्या घरात गेल्या. या घरात आल्यापासून त्या भिंतीपलीकडे एकदाही गेल्या नव्हत्या.

त्या रोज जाऊ लागल्या. वैशाख सरून ज्येष्ठ लागला होता. जैतूनचं अंगण उन्हानं भाजून, चुन्यानं पांढरं होऊन पुन्हा जगण्यासारखं झालं होतं. पिंजणीची तात परत टणटणू लागली होती. दुपारी मी सोनीला मांडीवर घेऊन भिंतीच्या अलीकडे बसायची. सोनी आता माझी होती, एकटीची, पूर्ण. हाकेला ओ द्यायची. आणि पलीकडून मायचा आवाज यायचा. हसण्याचा आवाज यायचा. मी माझ्या सासूला हसताना कधी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी मला राहवलं नाही. मी भिंतीवरून पाहिलं. माय लिंबाखाली पिंजलेल्या कापसाच्या गाठोड्याला टेकून बसल्या होत्या. मांडीवर काई, अंगभर पांढरी लव. जैतून त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या टाचेच्या भेगांना तेल चोळत होती, आणि माय तिला सांगत होत्या की त्यांच्या सासूनं पहिल्या वर्षी त्यांना कसं छळलं. ते मला कधी सांगितलं नव्हतं. मी इथे रोज त्यांच्या पायाला पाणी घालते, टाचा मला दिसतात, आणि तेल लावायचं सुचलं ते हिला.

माझ्या अंगात पायाच्या नखापासून काहीतरी चढत गेलं. मी सोनीला काखेत मारलं, पदर खोचला. गल्लीतून फिरून दारानं जावं, एवढासुद्धा धीर नव्हता. खोबणीत चवडा रोवला आणि भिंत चढले.

"वहू," माय खालून म्हणाल्या, "लोके देखतीन."

"देखू द्या," मी म्हणाले. पलीकडे उडी मारली, आणि सोनीला घेऊन त्या दोघींच्या बरोबर मधे जाऊन बसले.

"सरक जराशी, भाभी."